पडणारं आधी, थांबणारं नंतर
(जुन्या पवनचक्कीची देखभाल करणाऱ्यांसाठी)

आमचं घर माढ्याचं. वडील कुर्डुवाडीच्या नॅरोगेज वर्कशॉपात फिटर होते. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीला धावू लागली, पुढे तिचे रूळ लातूरला आणि मिरजेला पोचले. विलायतेहून आलेली तिची इंजिनं या वर्कशॉपाने अनेक दशकं चालती ठेवली. वडिलांच्या खिशातल्या वहीत दोन रकाने असायचे. एकात गाडीला उशीर करणारे दोष, दुसऱ्यात गाडी रुळावरून उतरवणारे. पहिल्या रकान्यातलं काम उद्यावर गेलं तर ते बोलायचे नाहीत. दुसऱ्यातलं एकही काम शिल्लक असताना मात्र इंजिन शेडबाहेर सोडायला तयार नसत, मग स्टेशनमास्तर कितीही ओरडो.

मी पुढे साताऱ्याच्या पठारावर पवनचक्क्यांच्या कामाला लागलो. तिथे बहुतेक ठिकाणी याच्या उलट चालतं, हे लक्षात यायला मला चार पावसाळे लागले. गिअरबॉक्सने आवाज केला की मालकाचा फोन येतो, कारण मशीन थांबतं आणि मीटर थांबतो. टॉवरचा बोल्ट सैल झाला तर कुणाचाही फोन येत नाही. मशीन चालू असतं, युनिट पडत असतात. जुन्या पवनचक्कीचं आयुष्य वाढवायचं असेल तर पैसा आणि लक्ष कोणत्या क्रमाने घालायचं, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. टेक्निशियन पोरांनी वाचावा, आणि एक-दोन मशीनं घेतलेल्या छोट्या मालकांनीही.

आपल्या राज्यात हा प्रश्न आत्ताच का आला, ते थोडक्यात सांगतो. १९८६ साली कोकण किनाऱ्यावर ५५ किलोवॅटच्या पवनचक्क्या प्रयोग म्हणून उभ्या राहिल्या. खरी लाट आली ती नव्वदचं दशक संपताना. चाळकेवाडी, कोयनेच्या जलाशयावरचं वनकुसवडे, सांगलीकडचं ढालगाव, धुळ्याचं ब्राह्मणवेल अशी ती पसरत गेली. घसाऱ्याची करसवलत मिळते म्हणून कापडवाल्यांपासून डॉक्टरांपर्यंत अनेकांनी मशीनं घेतली. राज्य वीज नियामक आयोगाच्या नोव्हेंबर २००३ च्या आदेशाने त्या काळातल्या नव्या प्रकल्पांना पहिल्या वर्षी युनिटला ३ रुपये ५० पैसे आणि दरवर्षी १५ पैसे वाढ असा दर १३ वर्षांसाठी मिळाला. म्हणजे तेराव्या वर्षी ५ रुपये ३० पैसे. करार संपला आणि दर धाडकन खाली आला. मशीन म्हातारं होऊ लागलं त्याच सुमारास मालकाचा हात आखडला. आज पठारावर दिसणारा गंज या दोन गोष्टींच्या गाठीतून आला आहे.

वीस वर्षं झाली म्हणजे मशीन संपलं का? नाही. वीस हा आकडा डिझाइनचा आहे. आंतरराष्ट्रीय मानकात वाऱ्याचे वर्ग ठरवलेले असतात. वर्षाची सरासरी सेकंदाला १० मीटर असेल तो पहिला वर्ग, साडेआठ मीटरचा दुसरा, साडेसात मीटरचा तिसरा. तेवढा वारा वीस वर्षं खाऊनही अंग टिकावं, असा हिशेब करून मशीन घडवलेलं असतं. आपल्या बऱ्याच जागांवर वर्षाची सरासरी याहून कमी भरते. दुसऱ्या वर्गाचं मशीन सहा-साडेसहा मीटरच्या जागेवर उभं असेल, तर वीस वर्षांत त्याचं आयुष्य पुरतं खर्ची पडलेलं नसतं. शिल्लक असते. पण हीच शिल्लक कड्याच्या अगदी काठावर उभ्या मशीनची लवकर संपते, कारण दरीतून वर येणारा वारा तिथे फाटलेला, घुसळलेला असतो. पुढच्या मशीनच्या सावलीत दाटीवाटीने उभ्या असलेल्या मशीनचंही तेच. एकाच दिवशी उभ्या केलेल्या, एकाच कंपनीच्या, शेजारशेजारच्या दोन पवनचक्क्यांचं खरं वय वेगळं असू शकतं.

म्हणून पहिलं काम स्पॅनरचं नाही, कागदाचं आहे. टाइप सर्टिफिकेटवर मशीनचा वर्ग शोधा. कंट्रोलरमधले चालू तास, इमर्जन्सी स्टॉपची संख्या, दहा-दहा मिनिटांच्या नोंदी, जे मिळेल ते काढा. मिनिटाला ३० फेऱ्या आणि वर्षाला ५,००० तास धरले तर वर्षाला ९० लाख फेऱ्या होतात, वीस वर्षांत १८ कोटी. प्रत्येक फेरीत प्रत्येक पातं स्वतःच्या वजनाने एकदा या अंगाला आणि एकदा त्या अंगाला वाकतं. धातू आणि फायबर थकतात ते या वाकण्याने, आणि इमर्जन्सी स्टॉप म्हणजे एकाच झटक्यात बसलेला मोठा दणका. ग्रिड वारंवार जाणाऱ्या फीडरवरच्या मशीनने असे हजारो दणके खाल्लेले असतात. जुना ठेकेदार बदलताना या नोंदी त्याच्याकडून लेखी घ्या. एकदा लॅपटॉप गेला की वीस वर्षांचा इतिहास गेला.

मशीन पाडू शकणारे दोष म्हणजे 'पडणारं', नुसतं थांबवणारे म्हणजे 'थांबणारं'. आधी 'पडणारं' काय काय, ते बघू. पाया, टॉवर, बोल्ट, पात्याचं मूळ, मुख्य शाफ्ट आणि ब्रेक. एवढंच.

पायाची पाहणी उन्हाळ्यात करतात, मी म्हणेन भर पावसात करा. टॉवरचं लोखंड काँक्रीटमध्ये शिरतं त्या कडेला वाऱ्याच्या दिवशी बसून राहा. सांध्यातून पाणी आत-बाहेर श्वास घेतल्यासारखं होत असेल आणि त्यासोबत पांढरट, सिमेंटचा गाळ येत असेल, तर लोखंड काँक्रीटमध्ये हलतं आहे. वरून सिमेंटचा लेप देऊन तो सांधा झाकणारे मी पाहिले आहेत. त्याने पाहणाऱ्याचे डोळे झाकले जातात, पाया तसाच हलत राहतो. मशीन थांबवा, डायल गेज लावून हालचाल मोजा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. इंजेक्शन ग्राउटिंगने बरेच पाये वाचतात, पण लवकर कळलं तरच. लेप आणि सीलंट चांगल्या पायासाठी, पाणी आत जाऊ नये म्हणून.

बोल्टवर थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव बसवताना ती तापवून चढवतात. थंड झाली की आवळते आणि आरे तुंब्यात घट्ट दाबून धरते. धाव घट्ट आहे तोवर आऱ्यांना खड्ड्याचा मार फारसा कळत नाही. ती सैल झाली की एकेक आरा वाजायला लागतो आणि मग तुटतो. टॉवरच्या फ्लँजचा बोल्ट असाच काम करतो. तो नीट ताणलेला असेल तर वाऱ्याचा चढउतार फ्लँजच्या दाबात जिरतो, बोल्टच्या अंगावर त्याचा थोडाच वाटा येतो. सैल झालेला बोल्ट प्रत्येक झोक्याला स्वतः ताण खातो आणि काही महिन्यांत थकून तुटतो. तुटतो म्हणजे कमजोर होता म्हणून तुटत नाही, सैल होता म्हणून तुटतो. त्यामुळे तुटलेला एक बोल्ट बदलून खाली उतरणं हे अर्धं काम. त्याच्या दोन्ही बाजूंच्या बोल्टांनी मधल्या काळात त्याचा भार उचललेला असतो. तेही बदला. एकदा पूर्ण ताणून काढलेला बोल्ट पुन्हा वापरू नका, दिसायला नवा असला तरी.

टॉर्क लावण्याआधी रेंचचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट बघा. आटे गंजलेले असतील तर रेंच पूर्ण टॉर्क दाखवतो, पण तो सगळा घर्षणात गेलेला असतो आणि बोल्ट ढिलाच राहतो. कंपनीने सांगितलेलं वंगणच वापरा, अंदाजाने ग्रीस फासू नका. त्याने उलटा प्रकार होतो, बोल्ट जास्त ताणला जातो. काम झालं की नट आणि फ्लँजवर मिळून रंगाची एक रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की नट फिरला, हे टॉर्चच्या उजेडातही कळतं. दरवर्षी काही टक्के बोल्ट नमुना म्हणून तपासण्याची पद्धत आहे. वीस वर्षांच्या पुढच्या मशीनला मी एकदा तरी शंभर टक्के तपासणी करायला सांगतो, पात्याच्या मुळाच्या बोल्टांसकट.

जाळीच्या टॉवरची गोष्ट वेगळी. तिथे गंजाबरोबर चोरीही बघावी लागते. खालच्या टप्प्यातला आडवा अँगल कुणी रात्रीत कापून नेला तर टॉवर लगेच पडत नाही, आणि हेच घातक. प्रत्येक तिरपी-आडवी पट्टी मोजा, वाकलेली असेल तर सरळ करू नका, बदला. नळकांडी टॉवरमध्ये दाराच्या चौकटीचे कोपरे आणि वेल्डिंगच्या कडा बघा. रंगावर केसाएवढी रेघ दिसली तर रंग खरवडून डाय पेनिट्रंट टेस्ट करून घ्या. मुख्य शाफ्टची, पुढच्या बेअरिंगच्या मागे जिथे जाडी बदलते तिथे, अल्ट्रासोनिक तपासणी. ही सगळी कामं महाग वाटतात. एका क्रेनच्या भाड्याच्या तुलनेत ती महाग नाहीत.

पात्यांचं निम्मं निरीक्षण जमिनीवरून होतं. चांगल्या झूमचा कॅमेरा किंवा ड्रोन पुरे. जुन्या, लहान मशीनच्या पात्याचं टोकही ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जातं. त्या वेगाला पावसाचा थेंब आणि मार्च-एप्रिलची धूळ पॉलिश पेपरचं काम करतात. पुढची कड झिजली की आधी युनिट घटतात, मग पाणी आत शिरतं. हे 'थांबणारं'. पण मुळाजवळची आडवी भेग, मागच्या कडेचा उघडलेला सांधा आणि वीज पडल्याची काळी खूण हे 'पडणारं'. टोकाजवळ पाणी बाहेर जायला एक बारीक भोक असतं. ते मातीने बुजलं तर पाणी आत साठतं. वीज पडली की त्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि पातं आतून फुटतं. दर सर्व्हिसला ते भोक उघडं करायला दोन मिनिटं लागतात. विजेच्या वाहकाची अखंडता टोकापासून जमिनीपर्यंत मीटरने मोजा, आणि अर्थिंगचा रोध मेमध्ये मोजा. पठारावरचा जांभा आणि काळा कातळ पावसात भिजलेला असताना घेतलेलं अर्थिंगचं रीडिंग म्हणजे ताप नसताना मोजलेला ताप.

एक पातं बदलायची वेळ आली तर तिन्हींचं वजन आणि तोल जुळवा. स्क्रॅप मशीनचं पातं स्वस्तात आणून बसवलेलं एक मशीन मी पाहिलं आहे. दोन वर्षांत त्याचं मुख्य बेअरिंग गेलं, आणि पात्यात वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट क्रेनला गेले.

ब्रेकबद्दल मी कडक आहे. वाऱ्यात पळालेलं मशीन थांबवायला माणूस वर जाऊ शकत नाही. जुन्या स्टॉल पद्धतीच्या मशीनमध्ये पात्यांची टोकं फिरून हवेचा ब्रेक लागतो, पिच पद्धतीत पाती वळतात. पिचला बॅटरी असेल तर तिचं वय लिहून ठेवा आणि व्होल्टेजवर समाधान मानू नका. लोड देऊन बघा, ग्रिड नसताना तिन्ही पाती पूर्ण वळतात का ते बघा. ओव्हरस्पीडची टेस्ट कमी वाऱ्यात करताना मर्यादेचा आकडा तात्पुरता खाली आणतात. तो पूर्ववत केला की नाही, हे दुसऱ्या माणसाने तपासून सही करावी. सेन्सर वारंवार ट्रिप करतो म्हणून त्याला वायरचा तुकडा लावून बायपास करणं हा प्रकार तुमच्या साइटवर असेल, तर लेखातलं बाकी काही वाचू नका, आधी तो तुकडा काढा.

आता 'थांबणारं'. यात पैसा सगळ्यात जास्त जातो, पण घाई सगळ्यात कमी.

गिअरबॉक्सच्या तेलाचा नमुना दर सहा महिन्यांनी घ्या. मशीन थांबल्यावर पंधरा-वीस मिनिटांच्या आत, तेल गरम असताना, नेहमी त्याच कॉकमधून, आणि पहिला पाव लिटर वेगळा काढून टाकून. लोहाचे कण, पाणी, घट्टपणा हे तीन आकडे एका तक्त्यात मांडत जा. एकटा आकडा काही सांगत नाही, चढती रेषा सांगते. ब्रीदरमधल्या सिलिका जेलचा रंग बदलला की ती बदला. मान्सूनमध्ये पठारावर ढगच नॅसेलमध्ये शिरतात आणि तेलात पाणी तिथूनच जातं. वेगवान शाफ्टचं बेअरिंग बहुतेक वेळा वरच्या वर, क्रेनशिवाय बदलता येतं. बोरोस्कोपने आत बघून वेळेत पकडलं तर. दात तुटून आत दळला गेला की मग क्रेन आली, आणि क्रेनबरोबर पठारावरचा रस्ताही दुरुस्त करावा लागतो. ज्यांची मशीनं बिनगिअरची आहेत त्यांची ही डोकेदुखी नाही, त्यांनी ती वेळ जनरेटरच्या इन्सुलेशनला आणि इलेक्ट्रॉनिक्सला द्यावी.

गिअरबॉक्स आणि जनरेटर ज्या रबरावर बसलेले असतात ते रबर वीस वर्षांत वाळलेल्या भाकरीसारखं होतं. ते बदलून लेझरने अलाइनमेंट घेतली की जनरेटरची बेअरिंगं वारंवार जाण्याची तक्रार बरेचदा तिथेच मिटते. मुख्य बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरताना जुनं, घट्ट झालेलं बाहेर पडतंय ना ते बघा. बाहेर येण्याची वाट बुजली असेल तर तुम्ही सील फोडत आहात. यॉच्या ब्रेक पॅडला, केबलच्या पिळाला आणि स्लिप रिंगच्या कार्बन ब्रशला नेहमीची सर्व्हिस पुरते.

कंट्रोलरचं दुखणं मात्र खास म्हाताऱ्या मशीनचं. कार्ड बनवणारी कंपनीच उरलेली नसते. चालू असलेल्या मशीनचे सगळे पॅरामीटर आज उतरवून घ्या, डीआयपी स्विचचे फोटो काढा, मेमरीची बटण-बॅटरी बदला. फुगलेले कपॅसिटर बदलण्याचं काम गावातला टीव्ही दुरुस्त करणाराही नीट करू शकतो, आणि करतो. शेजारचं मशीन भंगारात निघत असेल तर त्याची कार्डं, ब्रेक कॅलिपर, यॉ मोटरा विकत घेऊन ठेवा.

वेळापत्रक आपल्या पावसाने ठरवून दिलं आहे. साखर कारखान्याचं ओव्हरहॉलिंग गाळप संपल्यावर, पावसाळ्यात होतं. पवनचक्कीचं बरोबर उलटं. वर्षाच्या विजेचा मोठा वाटा जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. म्हणून बोल्ट, ब्रेक, अर्थिंग, पाती हे सगळं मृग लागायच्या आत संपलं पाहिजे. ऑक्टोबरमध्ये फक्त पाहणी, पावसाने काय खाल्लं त्याची. मेमध्ये माणसं मिळत नाहीत, सगळ्या साइटना तीच घाई असते. फेब्रुवारीतच तारखा बांधा.

वर चढणाऱ्या माणसाबद्दल दोन शब्द, कारण मशीन जुनं झालं की शिडीही जुनी झालेली असते. शिडीवरची फॉल अरेस्टरची वायर किंवा रेल आधी खालून ओढून तपासा. हार्नेसवरची तारीख वाचा. हबमध्ये शिरण्याआधी रोटर लॉकची पिन पूर्ण बसली पाहिजे, अर्धी नाही. खालच्या पॅनेलला कुलूप आणि आपल्या नावाची पाटी लावून किल्ली खिशात घेऊन वर जा. एकट्याने चढू नका, मालकाचा कितीही फोन येवो. तेलाने भिजलेल्या चिंध्या नॅसेलमध्ये ठेवून खाली आलात तर तुम्ही तिथे काडेपेटी ठेवून आला आहात.

एवढं सगळं तपासून झालं की निर्णयाची वेळ येते. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१६ च्या धोरणात जुनं मशीन काढून मोठं बसवणं एवढाच विचार होता. डिसेंबर २०२३ च्या राष्ट्रीय धोरणात आयुष्य वाढवण्यालाही जागा मिळाली. कागदावर हे चांगलं आहे. पण ज्या पठारावर एका गटात चार मालकांची सहा मशीनं आहेत, तिथे सहांच्या जागी एक मोठं मशीन बसवायला आधी त्या चौघांना एका टेबलाशी बसवावं लागतं. माझा अनुभव असा की मशीनपेक्षा ते टेबल अवघड. म्हणून तोवर आयुष्य वाढवणं हाच बहुतेकांचा खरा पर्याय आहे.

हिशेब साधा ठेवा. 'पडणारं'च्या यादीत पाया किंवा शाफ्ट नापास झाला, तर मशीन थांबवा. बाकीचा हिशेब करूच नका. यादी पास झाली आणि गिअरबॉक्सच जायच्या मार्गावर असेल, तर आजच्या दराने उरलेल्या वर्षांचे युनिट आणि क्रेनसकट दुरुस्तीचा खर्च समोरासमोर मांडा. एक मधला मार्गही आहे, तो फार थोडे वापरतात. ज्या दिशेच्या वाऱ्यात शेजारच्या मशीनची घुसळण अंगावर येते, किंवा कड्यावरचा वारा फार फाटतो, त्या दिशेला आणि त्या वेगाला मशीन बंद ठेवायचं. थोडे युनिट जातात, पण सगळ्यात जास्त झीज करणारे तास वगळले जातात. म्हाताऱ्या बैलाला आपण भर दुपारी औताला जुंपत नाही, तसं.

गेल्या काही वर्षांत आमच्या बाजूला, धाराशिव-बीडकडे, बालाघाटाच्या माथ्यावर नवी, उंच मशीनं उभी राहिली आहेत. तिथे कामाला लागलेल्या पोरांना माझं सांगणं, मशीन नवं आहे तोवरच वही सुरू करा. पहिल्या वर्षाचं बोल्टचं रीडिंग, पहिला तेलाचा नमुना, पहिल्या पावसातल्या पायाचा फोटो. वीस वर्षांनी जो कुणी त्या टॉवरवर चढेल त्याला तुलना करायला ते हवं असतं, आणि आमच्याकडे ते नव्हतं.

आणि मशीन उतरवायचंच ठरलं, तर आधी गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं तेल पिंपात काढून घ्या, मग क्रेन लावा. पात्यांचं फायबर जाळू नका, गावच्या ओढ्याकडेला टाकू नका. ते तोडून सिमेंट भट्टीत पाठवता येतं, पण त्याचा खर्च कोण देणार हे भंगारवाल्याच्या करारात आधी लिहून घ्यावं लागतं. भंगारवाला लोखंड आणि तांबं आनंदाने नेतो, पाती तिथेच टाकून जातो.